श्रीपतचं तिसरं गिऱ्हाईक

"तीन गिऱ्हाईकं?" मी बोललो. "श्रीपत, तुला ओळखीतनं तीन गिऱ्हाईकं मिळाली ना, तर मी मुंडावळ्या बांधून भोपळ्याशी लगीन लावीन!"

पोलादपूरच्या नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान. दुकानापुढं ट्रकचे जुने टायर पडलेले, त्यावर संध्याकाळी सगळी आळी येऊन बसते. आळी खो खो हसली. श्रीपत तेवढा नाय हसला.

"कुठला भोपळा?" तो बोलला. "दुध्या का लाल?"

"तुला आवडंल तो."

"लाल. साडी नेसवायची त्याला. हातगाडीवर तू नवरा, शेजारी भोपळा नवरी. एसटी स्टँडापास्नं नाक्यापर्यंत वरात. पुढं खालूबाजा."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी नवरा. तीच गाडी, तोच भोपळा."

"मुदत?"

"शिमग्याची पालखी देवळात परत जाईपर्यंत."

दिली टाळी. आजूबाजूच्यांनी पण टाळ्या दिल्या, कारण कोणीबी हरलं तरी तमाशा फुकटच होता.

आता श्रीपत कोण ते सांगतो. माझा शेजारी, एका भिंतीआडचा. माझ्याहून लहान, मला दादा बोलतो. मुंबईला कुरिअरच्या गोडाऊनमध्ये होता आणि बायको अमिता इथं, आपल्या पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स. त्यांचा संसार म्हणजे एसटीच्या खिडकीतनं हात हलवणं. सणाला आला की जाताना हलवायचा, ती खालनं हलवायची, झाला संसार. शेवटी कंटाळला आणि मुंबईचं काम सोडून आला. महाडला गावाबाहेर एक चार माळ्याची इमारत होत होती. तिथल्या शेठनं त्याला सांगितलं, "तुमच्या ओळखी दांडग्या आहेत म्हणे. शिमग्यापर्यंत ओळखीतनं तीन बुकिंगं आणा, साईटच्या ऑफिसात कायम ठेवतो. नाहीतर रामराम." 

रामराम म्हणजे परत गोडाऊन, परत खिडकी. हे आळीत सगळ्यांना ठाव होतं. मला पण. पण माझ्या जिभेला कोण धरणार?

आणि मी काय खोटं बोललो होतो काय? आपला माणूस आपल्या माणसाकडनं घर घेत नाय. भाजी घेतो, कोंबडी घेतो, उधार घेतो. घर घ्यायचं झालं की लांबचा परका बरा वाटतो, शिव्या घालायला मोकळीक राहते.

श्रीपतनं कार्डं छापून आणली. गुळगुळीत, त्यावर इमारतीचं चित्र, खाली त्याचं नाव. आणि निघाला वाटत. लग्नात पंगतीला जिलबीवाल्याच्या मागं हा कार्डं वाढत फिरायचा. एका तेराव्याला गेला, तिथं वारलेल्याच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून बोलला, "आता एवढं मोठं घर खायला उठत असंल ना? महाडला सुटसुटीत रूम हाय." त्या पोरानं त्याच्याकडं असं बघितलं की माझ्या हातातला लाडू खाली पडला.

नंतर नंतर तर लोक त्याला बघून पळायला लागले. एक माणूस महाडला जायला स्टँडावर उभा होता. समोरनं श्रीपत आला. हा घाबरला आणि जी गाडी लागलेली तीत चढला. ती निघाली खेडची! अख्खा कशेडी घाट ओलांडून गेला बिचारा आणि तिकडनं महाडची गाडी पकडून आला. मला येऊन सांगितलं, बोलला, "भागोजी, दोन तिकिटं गेली, पण रूम घ्यावी लागली नाय."

मी तर जिंकल्यातच होतो. पण नुसतं जिंकण्यात काय मजा? दुसऱ्याला जरा नाचवल्याशिवाय मला जेवण जात नाय.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं कुडपणला गेलो. माझ्या बायकोचं, चंद्रभागाचं, ते माहेर. तिच्या रायबाकाकाची म्हैस व्यालेली, खरवस खायला बोलावलेलं. वर डोंगरावर गार वारा, पुढ्यात खरवसाची वाटी, आणि रायबाकाका इचारतो, "तुमच्या शेजारचा श्रीपत घरं विकतो काय रे आता?"

माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"विकतो काय!" मी बोललो. "त्यानं तर तुम्हाला आवतण दिलंय. येत्या ऐतवारी घर बघायला या बोलला."

"मला?"

"सगळ्या भावकीला. जेवण हाय. मटण."

आता यातली गोम अशी. वरच्या वाड्यांत सोयरीक ठरायची असली की पोरीकडची भावकी मुलाचं घर बघायला जाते. एकटा बाप नाय जात. चुलते, मामा, आत्या, शेजारचा म्हातारा, सगळे जीप भरून जातात, चुलीपास्नं गोठ्यापर्यंत सगळं बघतात, जेवतात आणि मग येतात. घर बघायला बोलावलं म्हणजे भावकी येणारच. ना इचारता ना सांगता महाडला साईटच्या दारात पन्नास माणूस उपाशी उभं राहणार, शेठ समोर, आणि श्रीपतचं तोंड! ते तोंड मला बघायचं होतं.

चंद्रभागानं माझ्याकडं बघितलं. माझी बायको हाय, माझ्या नाकपुड्या हलल्या तरी तिला कळतं. डोंगर उतरताना बोलली, "अवो, श्रीपतभावजींना ठाव हाय काय, त्यांनी आवतण दिलंय ते?"

"कळंल की त्याला. ऐतवारी."

"बरं," ती बोलली. एवढंच. बायको 'बरं' बोलली की नवऱ्यानं घाबरायला पायजे, पण मला कुठली अक्कल.

ऐतवारी मी सकाळीच महाडला जाऊन साईटच्या समोरच्या टपरीत बसलो. दोन जीपा आणि एक टेंपो आला. सगळे धुतलेल्या कपड्यात. रायबाकाका कडक टोपीत, आणि टेंपोच्या पुढच्या सीटवरनं उतरली त्याची बहीण ठमाबाई. या ठमाआतेला अख्खी भावकी बिचकते. वरंधपास्नं कुडपणपर्यंत निम्मी लग्नं हिनं जुळवलेली. कुठल्या घरात किती भाकऱ्या होतात, तेबी तिला तोंडपाठ.

शेठ ऑफिसातनं बाहेर आला. "श्रीपतराव, हे कोण?"

मी चहाची बशी खाली ठेवली. आता श्रीपतचं तोंड बघायचं.

श्रीपत पुढं आला, रायबाकाकाच्या पाया पडला आणि बोलला, "या काका, वाटच बघत होतो. आधी जेवता का आधी बघता?"

मागं तळमजल्याच्या रिकाम्या गाळ्यातनं मटणाचा वास आला. गाळ्याच्या दारात अमिता उभी, हातात डाव. आणि तिच्या मागं तांदळाच्या भाकऱ्या थापत कोण बसलेलं? माझी चंद्रभागा! सकाळी मला बोललेली, "मी नदीवर जाते." नदीवरच होती, महाडच्या. मला टपरीत बघून तिनं पिठाचा हात हलवला.

"या की अवो," ती ओरडली. "लांब कशाला बसलाय? जेवायला या!"

काय करणार, गेलो. आणि जेवलो पण. मटण झकास झालेलं.

पण जेवायच्या आधी भावकीनं इमारत अशी बघितली की मी सुद्धा मागं मागं फिरलो. रायबाकाका प्रत्येक खोलीत जाऊन लादीवर टाच आपटायचा आणि कान देऊन ऐकायचा. एका म्हाताऱ्यानं शेठलाच इचारलं, "शेळी कुठं बांधायची?" शेठ बोलला, "पार्किंग आहे." म्हातारा बोलला, "ती काय मोटार हाय काय?" बायका संडासाची साखळी ओढायच्या, पाणी घों घों करत जायचं, सगळ्या हसायच्या, परत ओढायच्या. टाकी रिकामी झाली.

मग ठमाआते गॅलरीत उभी राहिली. काठी टेकून खाली रस्त्याकडं बघत बोलली, "श्रीपत, पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी येतं काय रे इथं?"

"अजिबात नाही, आजी!" शेठ बोलला.

"मी याला इचारलं."

श्रीपतनं शेठकडं बघितलं. मग ठमाआतेकडं बघितलं.

"रस्त्यावर येतं, आते," तो बोलला. "खालच्या गाळ्याच्या पायरीला लागतं. वर नाय येत. पण लय पाऊस झाला की दोन दिवस घरातच बसायची तयारी ठेवायला लागंल. तेल-मीठ भरून ठेवायचं."

शेठचं तोंड बघण्यासारखं झालं. मी श्रीपतचं बघायला आलेलो, शेठचं मिळालं.

ठमाआतेनं मान हलवली. सगळे जेवले. हात धुतले, सुपारी खाल्ली, "बरं हाय, येतो" बोलून गाड्यात बसले आणि गेले. बुकिंग एक पण नाय. कार्ड सुद्धा कोणी मागितलं नाय. आणि श्रीपतनं दिलं पण नाय, वाढण्यातच त्याचा जीव गेलेला.

"माणसं जेवली छान," शेठ श्रीपतला बोलला. "पण घेतलं कोणी?"

घरी येताना मी चंद्रभागाला बोललो, "एवढ्या भाकऱ्या थापल्यास, काय झालं? फुकट गेल्या."

ती बोलली, "तुम्ही आमच्याकडचे जावाय. आमच्याकडची रीत तुम्हाला अजून कळली नाय."

"कसली रीत?"

"कळंल."

कळली. चार-पाच दिवसांनी मी टायर सोलत होतो, तर एसटीतनं रायबाकाका उतरला आणि सरळ माझ्या दुकानात. मागं त्याचा पुतण्या, अंधेरीला ड्रायव्हर असतो तो.

"श्रीपतच्या घराला कुलूप हाय," काका बोलला. "कधी येईल? स्थळ आणलंय त्याला."

"काका, त्याचं लगीन झालंय!"

"अरे येड्या, घराला स्थळ! आम्ही त्याचं घर बघितलं, त्याच्याकडं जेवलो. आमच्या वाडीत घर बघून जेवलास आणि तुझी सोयरीक नाय जमली, तर गप नाय बसायचं. दुसरं स्थळ सुचवायचं. नायतर ते जेवण अंगावर राहतं. मला काय महाडला घर नको, माझ्या म्हशी कोण बघील? पण जेवलोय ना. म्हणून याला आणला."

मी हातोडी खाली ठेवली. पन्नास माणूस जेवलेलं! पन्नास जणांच्या अंगावर श्रीपतचं मटण!

"आणि याला खरंच पायजे काय?" मी पुतण्याकडं बघितलं.

पुतण्या लाजला. काकाच बोलला, "याला पोरी दाखवून दाखवून ठमी दमली. पोरीची आई इचारते, महाडला खोली हाय काय? डोंगरावर पोर देणार नाय बोलते. मग घेऊ दे खोली."

"पण श्रीपतवर भरवसा कसा ठेवलात?" मी जरा काडी टाकून बघितली. "त्यानं तर सांगितलं पाणी येतं."

"म्हणून तर! पाणी येतं ते आमाला काय ठाव नाय काय? जन्म गेला बघण्यात. आमाला बघायचं होतं हा काय बोलतो. आता हा जे दुसरं सांगंल, तेबी खरंच असणार."

झालं पहिलं बुकिंग. मग ठमाआतेनं वरंधच्या एका मास्तराला धाडलं, रिटायर होणार होते, दवाखाना जवळ पायजे होता. ते दुसरं. आणि मग तर रांगच लागली. कोणी साडू आणतंय, कोणी व्याही, एकीनं तर नवऱ्याचा सावकारच आणला. श्रीपतच्या घराला कुलूप असलं की सगळे माझ्या दुकानात. बसायला टायर माझे, चहा माझा. बाकीच्यांचं काय जमलं नाय, कोणाला मोठं पायजे, कोणाला मुंबईच पायजे. पण श्रीपत बदलला हां. कार्डाचा गठ्ठा त्यानं घरी ठेवून दिला. आलेल्या माणसाला पाणी द्यायचा, ऐकून घ्यायचा, आणि ज्याला परवडणार नाय त्याला सरळ सांगायचा, "नका घेऊ." तो माणूस घरी जाऊन आणखी दोघांना सांगायचा.

दोन झाली. तिसरं काय होईना. शिमगा आला, होळी पेटली, पालखी घरोघर फिरायला लागली आणि शेवटचा दिवस उजाडला. दोनच.

सकाळी श्रीपत कुंपणावरनं बोलला, "दादा, भोपळा तू आण. मला आज बॅग भरायचीय. वरात उद्या काढू, परवाची गाडी हाय मुंबईची." हसून बोलला. मागं अमिता त्याचे शर्ट दोरीवरनं काढत होती, आणि काढलेला शर्ट परत दोरीवर टाकत होती.

मी बोललो, "आणतो की." आणि दात घासायला गेलो. दात घासून झालेले, तरी परत घासले.

दुपारी पालखी आमच्या अंगणात आली. ढोल थांबला, पालखी पाटावर टेकली. चंद्रभागानं ओटी भरली. पालखीचे भोई घाम पुसत उभे, त्यात श्रीपत पण, खांदा चोळत. माझा धाकटा भाऊ राजू कळव्यास्नं शिमग्याला आलेला. त्यानं नारळ ठेवला, हात जोडले आणि तिथनंच वळून मला बोलला,

"दादा, वयनी बोलली महाडला श्रीपतची इमारत बघून ये. काल बघून आलो. आवडली मला. रिटायर झालो की गावच्या जवळ. पण तू सांग. तू याला रोज बघतोस. भरवशाचा हाय काय?"

मी चंद्रभागाकडं बघितलं. ती पदर सावरत बोलली, "माझं पण जेवण अंगावर राहिलेलं. मी पण तिथं जेवले ना."

"तू तर रांधलंस!"

"रांधलं पण आणि जेवले पण."

श्रीपत माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता. अमिता कुंपणापलीकडं ओल्या हातानं उभी.

आता बघा. मी कंडक्टरशी खोटं बोललोय. पोलिसाशी बोललोय. सासूशी तर इतकं बोललोय की खरं काय ते मलाच आठवत नाय. पण पालखीपुढं? पालखीतली देवी, आई, समोर बसलेली, हिरवी साडी, मोठे डोळे, आणि ते डोळे माझ्यावरच.

"राजू," मी बोललो, "उद्या निवांत बोलू."

"उद्या सकाळी मी चाललो."

"मग चहा घे आधी..."

"भागोजी," पालखीचा गुरव बोलला, "आई खोळंबलीय. हाय म्हण नायतर नाय म्हण, आणि पालखी सोड."

मी घसा साफ केला.

"हाय," मी बोललो. "शेठसमोर उभं राहून शेठच्याच इमारतीचं पाणी सांगितलं यानं. नोकरी जायची वेळ होती तरी सांगितलं. याच्याकडनं नाय घ्यायचं तर कोणाकडनं घेशील? घे. आणि घेतलीस की मला एक मुंडावळ्यांची जोडी पण घे."

एका क्षणात अंगणात असा हशा पिकला की ढोलवाल्यानं चुकून टिपरू मारलं. राजूनं तिथंच, पालखीपुढं, इसार श्रीपतच्या हातात ठेवला. श्रीपतनं इसार कपाळाला लावला, पालखीला लावला, मग घाईघाईत मलाच लावायला आला. कुंपणापलीकडनं अमिता बोलली, "अवो, भावजींना नंतर लावा, आधी पीसीओवर जाऊन शेठला फोन लावा!"

तो पालखी सोडून पळाला. त्याच्या जागी खांदा कोणी द्यायचा? मीच दिला. देवळापर्यंत.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. एसटी स्टँडावर भाजीवाल्याची हातगाडी धुवून ठेवलेली, वर सतरंजी. मला मुंडावळ्या बांधल्या, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर कुंकवाचा हा एवढा मळवट. शेजारी लाल भोपळा, चांगला गरगरीत, अमिताची हिरवी साडी नेसून. चंद्रभागानं त्याला तारेची नथ केली आणि देठाला गजरा बांधला. खरं सांगतो, माझ्या लग्नात चंद्रभागा पण एवढी नटली नव्हती. हे मी बोललो आणि माझ्या पाठीत धपाटा बसला.

खालूबाजा वाजायला लागला. गाडी ढकलायला श्रीपत, ऑफिसचा नवा शर्ट घालून. शेठनं त्याला उद्यापास्नं कामावर यायला सांगितलेलं. कुडपणची भावकी परत टेंपो भरून आली, या वेळेला माझं लगीन बघायला. ठमाआते भोपळ्याकडं निरखून बघत बोलली, "नवरी जरा वजनात हाय. पण घरंदाज दिसते."

रस्त्यावरची ट्रकं थांबली. कशेडी उतरून आलेला एक ड्रायव्हर खाली उतरून माझ्यावर तांदूळ टाकून गेला, माझंच गिऱ्हाईक. महाडची एसटी मागं अडकली, तर कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "नवरदेव, नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय गाडी पुढं नाय जाणार!"

"नाव घ्या! नाव घ्या!" सगळा रस्ता ओरडायला लागला. खिडक्यांतनं बायका, टपऱ्यांतनं माणसं.

मी गाडीवर उभा राहिलो. भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाजा थांबला.

"सावित्रीच्या काठी चार माळे, नाक्यावर वाजतो बाजा," मी बेंबीच्या देठापास्नं ओरडलो, "लालूबाईचं नाव घेतो, मी भागोजी, हरलेला राजा!"

कंडक्टरनं दोरी ओढून टिण्‌ टिण्‌ केलं, ड्रायव्हरनं हॉर्न मारला, आणि खालूबाजावाल्यांनी असा काय दणका उडवला की गाडी ढकलणारा श्रीपत गाडी सोडून मधी रस्त्यात नाचायला लागला. अमिता त्याचा नवा शर्ट सांभाळत त्याच्या मागं, आणि उतारावर सुटलेली हातगाडी मी आणि माझी नवरी, दोघांनीच मिळून नाक्यापर्यंत नेली.